ऐकणाऱ्यांनीही शिकायची भाषा

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील ऐकणारे असतात. अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये हे प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त आढळलं आहे. मराठी घरात जन्मलेल्या मुलाला मराठी आयती मिळते; कुणी शिकवावी लागत नाही. कर्णबधिर मुलाच्या घरात मात्र बोलणं भरपूर असतं आणि त्यातलं त्याच्यापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. त्याची खरी भाषा त्याला बहुधा शाळेच्या आवारात, वसतिगृहात, वरच्या वर्गातल्या मुलांकडून मिळते. म्हणजे आईबापांकडून लेकरांकडे जायची ती गोष्ट मुलं एकमेकांना देतात, आणि आईबाप त्या भाषेबाहेर राहतात.

२०११ च्या जनगणनेत भारतातल्या श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या पन्नास लाखांच्या थोडी वर नोंदली गेली. सांकेतिक भाषेचा प्रश्न या पन्नास लाखांचा आहे असं आपण धरून चालतो. पण त्यांच्यातल्या प्रत्येकाला आई आहे, भाऊ आहे, शेजारी आहे, वर्गशिक्षक आहे, कामावरचा साहेब आहे. भाषेला दोन टोकं असतात. एका टोकाच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या जिवाचं रान केलं. दुसऱ्या टोकाला आपण आहोत, आणि आपल्याकडून या भाषेची कुणी फारशी अपेक्षाच केली नाही. हा लेख त्या दुसऱ्या टोकाविषयी आहे.

नंतर सांगते

गणपतीच्या दिवसांत भरलेलं एखादं घर घ्या. दुपारची जेवणं उरकली आहेत, बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसं बसली आहेत, काका काहीतरी रंगवून सांगताहेत. त्यात चौदा वर्षांची एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. ती काकांच्या तोंडाकडे बघते, तोवर मावशीने मध्येच काही विचारलेलं असतं. ती मावशीकडे वळते, तोवर उत्तर देऊन झालेलं असतं. सगळे हसतात. तीही हसते, कारण सगळे हसताना एकटीने गप्प बसणं अवघड असतं. मग ती आईचा पदर ओढून विचारते, काय झालं? आई हाताने थांब म्हणते, नंतर सांगते. अर्ध्या तासाने आई सांगते ते एवढंच : काकांच्या ऑफिसातली गंमत होती.

या घरात कुणाच्याही मनात वाईट नाही. मुलीवर सगळ्यांची माया आहे, तिच्या पानात पहिला मोदक पडला आहे. तरीही अर्ध्या तासाच्या गप्पांतून तिच्या वाट्याला एक वाक्य आलं, आणि असं रोज होतं. अमेरिकेतल्या कर्णबधिरांनी आणि त्यांच्या अभ्यासकांनी या अनुभवाला ‘डिनर टेबल सिंड्रोम’ असं नाव दिलं आहे.

यात नुकसान केवळ करमणुकीचं होत नाही. आपल्याला जगाची निम्मी माहिती कानावर पडून मिळते. आत्याचं आणि आजीचं का बिनसलं, कर्ज काढलं म्हणजे नेमकं काय केलं, वडिलांना मधुमेह आहे, ताईच्या लग्नाची बोलणी कुठे अडली, हे कुणी समोर बसवून शिकवत नाही. ऐकणारं मूल खेळता खेळता ते टिपतं. कर्णबधिर मुलाला प्रत्येक गोष्ट कुणीतरी मुद्दाम सांगावी लागते, आणि मुद्दाम सांगण्याइतकी ती कुणाला महत्त्वाची वाटत नाही. मग पंचविशीतल्या तरुणाला घरातली साधी गोष्ट ठाऊक नसते आणि लोक त्याच्या बुद्धीवर शंका घेतात.

भाषा मिळाली नाही म्हणून ही मुलं हातावर हात ठेवून बसत नाहीत. जेवण, झोप, बाबा, शाळा, नको अशा गोष्टींसाठी ती स्वतःच्या खुणा घडवतात आणि घरची माणसं त्या उचलतात. सुझन गोल्डिन-मेडो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा घरगुती खुणांचा अनेक वर्षं अभ्यास केला. सांकेतिक भाषा कधीही न पाहिलेली मुलंसुद्धा खुणा एका ठरावीक क्रमाने मांडतात, त्यांत व्याकरणाचे अंकुर असतात, असं त्यांना दिसलं. मात्र घरगुती खुणांवर रोजचं काम भागतं. ‘आजोबा गेले म्हणजे कुठे गेले’ हा प्रश्न त्यांत मावत नाही.

ओठांवरचं वाचून किती कळतं?

ऐकणाऱ्या माणसांचा एक ठाम समज असतो : हळू आणि स्पष्ट बोललं की ओठ वाचून यांना कळतं. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता चार शब्द म्हणून बघावेत : पार, बार, भार, मार. ओठांची हालचाल चारही वेळा सारखीच दिसते. आता काय, गाय आणि खाय म्हणावं. यांतला फरक घशाजवळ घडतो. बाहेरून तो दिसतच नाही. ओठ वाचणारा माणूस दिसेल तेवढं पकडतो आणि उरलेलं प्रसंगावरून जुळवतो. हे जुळवणं त्यालाच शक्य आहे, ज्याच्याकडे भाषा आधीपासून आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या लहान मुलाने ओठांवरूनच भाषा शिकावी, ही अपेक्षा किती कठोर आहे हे यावरून लक्षात यावं. त्यात समोरच्याला झुबकेदार मिशा असतील, तो पान खात असेल, त्याची पाठ खिडकीकडे असेल, तर उरलंसुरलंही गेलं.

तरीही शंभर वर्षं जगभरच्या शाळांनी हाच हट्ट धरला. त्याआधी, १७६० च्या सुमारास, पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने कर्णबधिर मुलांच्याच खुणा वापरून शाळा चालवली होती. त्या परंपरेतला लोरां क्लेर हा कर्णबधिर शिक्षक अमेरिकेत गेला आणि १८१७ मध्ये थॉमस गॅलॉडेट यांच्याबरोबर त्याने हार्टफर्डला शाळा काढली. खुणांतून शिकून कर्णबधिर माणसं शिक्षक होत होती, लिहीत होती. मग १८८० साली इटलीत मिलान इथे शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि वर्गातून खुणा हद्दपार कराव्यात, तोंडी बोलणंच शिकवावं, असा ठराव तिथे झाला. परिषदेला १६४ प्रतिनिधी होते. त्यांत कर्णबधिर एकच. ठरावानंतर कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, खुणा करणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. याच परिषदेच्या परंपरेतल्या संमेलनाने २०१० मध्ये व्हँकुव्हरला त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त करून ते फेटाळले. मध्ये एकशे तीस वर्षं गेली होती.

भारतातल्या पहिल्या कर्णबधिर शाळांपैकी एक मुंबईत १८८० च्याच दशकात सुरू झाली, आणि पुढे देशभर निघालेल्या बहुतेक शाळांवर मिलानची सावली राहिली. वर्गात बाई तोंडाने शिकवत आणि मधल्या सुट्टीत मैदानावर मुलांचे हात चालत. ज्या भाषेला वर्गात बंदी होती ती मैदानावर वाढली, थोरल्यांकडून धाकट्यांकडे गेली आणि टिकली.

हातांच्या भाषेची घडण

वॉशिंग्टनच्या कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट कॉलेजात विल्यम स्टोको हे इंग्रजी शिकवत. आपले विद्यार्थी एकमेकांशी बोलतात ती निव्वळ हातवाऱ्यांची खिचडी आहे, हे त्यांच्या मनाला पटेना. १९६० मध्ये त्यांनी दाखवून दिलं की प्रत्येक खूण लहान घटकांची बनलेली असते : हाताचा आकार, तो शरीराजवळ कुठे आहे ती जागा, आणि त्याची हालचाल. पुढच्या अभ्यासकांनी तळव्याची दिशा आणि चेहऱ्यावरचे भाव यांची भर घातली. बोलीत जसा एक वर्ण बदलला की शब्द बदलतो, तशी इथे यांतली एकच गोष्ट बदलली की खूण बदलते.

भारतात हेच काम मदन वसिष्ठ यांच्या पुढाकाराने झालं. हिमाचलातल्या खेड्यात वाढलेल्या या मुलाचं ऐकणं अकराव्या वर्षी आजारपणात गेलं. शेती, गुरं, मग दिल्लीत फोटोग्राफीचं काम, असं करत ते १९६७ मध्ये गॅलॉडेटला पोचले. भारतात सांकेतिक भाषा म्हणून काही नाहीच, असं त्या काळी आपल्याकडचे शिक्षणतज्ज्ञ सांगत. वसिष्ठ आणि त्यांचे अमेरिकी सहकारी १९७७ मध्ये दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर इथल्या कर्णबधिरांना भेटले. चारही शहरांच्या खुणा एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्या, आणि ती भाषा अमेरिकेची किंवा युरोपची उसनी आणलेली नव्हती. नंतर उल्रिके त्सेशान या जर्मन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दिल्ली आणि कराचीत अभ्यास केला, तेव्हा फाळणीच्या दोन्ही बाजूंना व्याकरण एकच असल्याचं दिसलं. शब्द गावोगावी थोडे बदलतात, जसे कोल्हापूर आणि नागपूरच्या मराठीत बदलतात.

या भाषेत आपल्या मातीच्या खुणा जागोजागी आहेत. पुरुषासाठी बोट मिशीकडे जातं, बाईसाठी नाकातल्या चमकीकडे. व्याकरण मात्र मराठीचं भाषांतर नाही, ते स्वतंत्र आहे. प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते : तुझं, नाव, काय. नकारही शेवटी येतो. मराठी माणसाला हा क्रम परका वाटत नाही, ही आपल्या सोयीची गोष्ट. ‘आहे’साठी वेगळी खूण लागत नाही. ‘हो की नाही’ असा प्रश्न असला तर भुवया वर जातात आणि मान किंचित पुढे येते; हात तेच राहतात, चेहरा वाक्याचा प्रश्न करतो.

सगळ्यांत सुंदर काम जागेचं असतं. ‘मी आईला पुस्तक दिलं’ आणि ‘आईने मला पुस्तक दिलं’ ही दोन वाक्यं मराठीत ‘ने’ आणि ‘ला’ या प्रत्ययांवर तोलून धरलेली आहेत. सांकेतिक भाषेत आईची जागा समोर एका बाजूला ठरवून घेतात. देण्याचा हात माझ्याकडून त्या जागेकडे गेला तर मी दिलं. त्या जागेकडून माझ्याकडे आला तर आईने दिलं. प्रत्यय नाही आणि गोंधळही नाही. किंवा हे बघा : रिक्षा वळण घेऊन झाडाखाली थांबली. डावा हात कोपरापासून उभा धरला, पंजा पसरला, झाड झालं. तो तसाच स्थिर राहतो. उजवा हात गाडी होऊन येतो, वळतो आणि त्या झाडाच्या बुंध्याशी थांबतो. कोणत्या बाजूने आली, सावकाश आली की भरधाव, झाडाच्या किती जवळ थांबली, हे सगळं त्या एका हालचालीत सांगून होतं. मराठीत एवढं सांगायला चार वाक्यं लागतील.

मग कर्णबधिर मुलांचं लेखी मराठी अनेकदा तुटक का असतं, याचाही उलगडा होतो. ज्याने ‘ने’ आणि ‘ला’ कधी ऐकलेच नाहीत, त्याला ते कागदावरून दुसरी भाषा म्हणून शिकावे लागतात. ‘आई मी पुस्तक देणे’ असं लिहिणारा मुलगा खुणांमध्ये तेच वाक्य बिनचूक सांगत असतो. त्याची चिठ्ठी वाचून आपण त्याची हुशारी जोखतो, तेव्हा त्याला त्याच्या दुसऱ्या भाषेत तपासून नापास करत असतो.

मेंदूला भाषा कानांतून आली की डोळ्यांतून याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. लॉरा-अॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की सांकेतिक भाषा बघत वाढणारी कर्णबधिर बाळं हातांनी बोबडं बोलतात. इतर बाळं ‘बाबाबा’ करतात त्याच वयात ही बाळं हाताचे तेच तेच आकार पुन्हा पुन्हा करत राहतात. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की बोलणाऱ्याची वाणी जाते, तशीच खुणा करणाऱ्याची भाषाही जाते, असंही संशोधनातून दिसलं आहे.

शिकणाऱ्याला अवघड काय जातं

मोठेपणी ही भाषा शिकायला बसलेल्याला बोटांपेक्षा सवयी जास्त छळतात. पहिली सवय नजरेची. आपण भाजी निवडत, मोबाइल बघत, पाठमोरे राहून बोलतो. इथे डोळे वळले की संभाषण तुटलं. समोरच्याच्या चेहऱ्याकडे सलग बघत राहायचं, आणि हात दिसत असले तरी नजर चेहऱ्यावर ठेवायची, हे जमायला वेळ लागतो. वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये असं ज्यांना लहानपणी शिकवलं आहे त्यांना तर अधिकच.

दुसरी अडचण बोटाची. माणसाकडे बोट दाखवू नये, हा आपला संस्कार. सांकेतिक भाषेत तू, तो, ती, हे सगळे बोटानेच दाखवायचे असतात. त्यात उर्मटपणा मुळीच नाही. तिसरी अडचण चेहऱ्याची. चारचौघांत भुवया उंचावणं, गाल फुगवणं, ओठ मुडपणं याचा संकोच वाटतो. पण ते व्याकरण आहे. कोरा चेहरा ठेवून खुणा करणं म्हणजे सगळं वाक्य एका सुरात म्हणण्यासारखं आहे, त्यात प्रश्न कुठला आणि विधान कुठलं हेच कळत नाही.

चौथी गोष्ट, तोंडाने मराठी बोलत बोलत हातांनी खुणा करण्याचा मोह. दोन भाषांची व्याकरणं वेगळी असल्याने यात खुणांचाच बळी जातो. अर्ध्या गळतात, उरलेल्यांचा क्रम बिघडतो. म्हणून चांगल्या वर्गात तोंड बंद ठेवायला लावतात. आणि चांगला वर्ग म्हणजे ज्यात शिकवणारा स्वतः कर्णबधिर आहे असा वर्ग. तिथे पहिल्याच दिवशी तोल बदलतो. बाहेर ज्याला सगळे समजून घेतात त्याच्यासमोर आज वीस ऐकणारी माणसं चाचपडत असतात, आणि तो त्यांना सांभाळून घेत असतो. कुणाचं लक्ष हवं असेल तर खांद्याला हलकेच हात लावायचा, लांबच्याला हात हलवून बोलवायचं, खोलीभर माणसं असतील तर दिव्याचं बटण दोनदा दाबायचं, टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे, या रीती तिथेच अंगवळणी पडतात. काही दिवसांनी एखादा नाव-खूण देतो. ती स्वतःहून घ्यायची नसते. गालावरच्या खळीवरून, चष्म्यावरून, एखाद्या लकबीवरून कर्णबधिर मित्र ती ठरवतात आणि पुढे त्या समाजात तुमची ओळख तीच राहते.

पुस्तकातून किंवा व्हिडिओतून हजार खुणा पाठ करता येतात. भाषा मात्र संगतीने येते. कर्णबधिर मित्राबरोबर चहाच्या टपरीवर बसून त्याच्या ऑफिसातली तक्रार ऐकणं, म्हणजे बघणं, याला पर्याय नाही.

आई, भाऊ, लेक, मित्र

मुलाला ऐकू येत नाही हे कळतं तेव्हा आईबापांच्या पायाखालची जमीन सरकते. त्यानंतरचे महिने डॉक्टर, श्रवणयंत्र, वाचा-उपचार यांत जातात. शस्त्रक्रियेने कानात बसवल्या जाणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांट या यंत्राने अनेक मुलं बोलू लागली आहेत, आणि लहान वयात शस्त्रक्रिया झाली तर उपयोग अधिक होतो, हे खरं आहे. त्याच वेळी पालकांना पुष्कळदा बजावलं जातं की खुणा करू नका, नाहीतर मूल बोलणार नाही. खुणांमुळे बोलणं खुंटतं याला भक्कम आधार नाही. उलट पहिली चार-पाच वर्षं कुठलीच भाषा पुरेशी न मिळालेल्या मुलाचं नुकसान पुढे भरून काढणं फार कठीण जातं. यंत्राचा परिणाम प्रत्येक मुलात वेगळा असतो. आंघोळीच्या वेळी, झोपताना, बॅटरी संपल्यावर ते नसतंच. यंत्र असो वा नसो, आई खुणा करत असेल तर मूल त्या दिवशीही आईशी बोलतं.

भावंडांचं नातं पुष्कळदा आईबापांपेक्षा लवकर जुळतं, कारण मुलांना संकोच नसतो. पण धाकटी ऐकणारी बहीण कायमची दुभाषी होऊन बसते. पाहुण्यांशी तीच, दुकानात तीच, थोरल्याच्या लग्नाच्या बोलण्यातही तीच. तिला आवडत असलं तरी हा भार घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो.

कर्णबधिर आईबापांच्या ऐकणाऱ्या मुलांचं तर जगच वेगळं आहे. त्यांची पहिली भाषा खुणांची. पाच-सहा वर्षांची असतानाच ती आईसाठी डॉक्टरांशी, बापासाठी बँकेशी बोलू लागतात. १९९६ च्या ‘खामोशी : द म्युझिकल’ या चित्रपटात गोव्यातल्या अशाच एका मुलीची गोष्ट आहे, नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास तिचे कर्णबधिर आईवडील झाले होते. अशा मुलांच्या कौतुकात एक गोष्ट राहून जाते : आईच्या आजाराचं निदान आठ वर्षांच्या मुलीने आईला सांगावं, अशी वेळ यायलाच नको. त्यासाठी प्रशिक्षित दुभाषी असतात. दुभाष्याने गुप्तता पाळायची, आपल्या मनचं घालायचं नाही, आणि कर्णबधिर व्यक्ती ‘मला दुखतंय’ म्हणाली तर ‘मला’ असंच म्हणायचं. आपणही बोलताना दुभाष्याकडे न बघता त्या व्यक्तीकडे बघायचं. ‘त्यांना विचारा’ असं म्हणण्याऐवजी सरळ ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या कर्णबधिर वकील महिलेने दुभाष्याच्या मदतीने कामकाजात भाग घेतला, तेव्हा न्यायालयाला फार मोठी यंत्रणा उभी करावी लागली नाही. सुनावणीच्या पडद्यावर दुभाष्याला एक चौकट दिली, एवढंच.

कामाच्या ठिकाणी मैत्री होते ती चार खुणांवरही सुरू होते. मुंबईत २००९ मध्ये ध्रुव लाक्रा यांनी सुरू केलेल्या ‘मिरॅकल कुरियर्स’ या सेवेत पत्रं पोचवायचं काम कर्णबधिर तरुणांकडे होतं. अशा जागी ऐकणाऱ्या सहकाऱ्यांनी खुणा शिकल्या तर काम सुरळीत होतंच, शिवाय डबा खातानाची गप्पा-चेष्टाही वाटली जाते, आणि माणूस नोकरीत टिकतो तो बहुधा या दुसऱ्या गोष्टीमुळे. बैठकीत एका वेळी एकानेच बोलावं, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा, गोल बसावं आणि ठरलेले मुद्दे फळ्यावर लिहावेत. याला खर्च येत नाही.

सगळ्यांना येत होती तेव्हा

ऐकणाऱ्या माणसांनी सरसकट सांकेतिक भाषा शिकणं हे स्वप्नरंजन वाटेल. पण ते घडलेलं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या केंट परगण्यातून आलेल्या कुटुंबांबरोबर आनुवंशिक बहिरेपण तिथे आलं आणि लग्नं बेटावरच होत राहिल्याने पसरलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत साधारण ५,७२८ माणसांमागे एक जण कर्णबधिर होता. या बेटावर १५५ मागे एक, आणि चिलमार्क गावात २५ मागे एक. मग सगळं गावच खुणा शिकलं. कोळी एका होडीतून दुसऱ्या होडीतल्याशी खुणांनी बोलत, शेजारणी अंगण ओलांडून बोलत, गावच्या सभेत बोलणाऱ्याशेजारी कुणीतरी खुणा करत असे. नोरा एलन ग्रोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेटावरच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि १९८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जुन्या काळच्या दोन माणसांबद्दल विचारल्यावर म्हाताऱ्यांना आठवे ते हे, की ते उत्तम मासेमार होते. ते कर्णबधिर होते हे खोदून विचारल्यावरच आठवत असे. या माणसांनी लग्नं केली ती बहुतेक ऐकणाऱ्यांशी, शेती-मासेमारी केली, गावच्या कारभारात भाग घेतला. पुढे बेटाबाहेर लग्नं होऊ लागली, बहिरेपण ओसरलं, आणि त्या परंपरेतली शेवटची कर्णबधिर व्यक्ती १९५२ मध्ये वारली.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात अलीपूर हे असंच एक गाव. तिथे कर्णबधिर माणसं पुष्कळ आहेत, आणि गावाची स्वतःची सांकेतिक भाषा ऐकणाऱ्यांनाही येते. सिबाजी पांडा या स्वतः कर्णबधिर असलेल्या भाषाशास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला आहे. आता बाहेर शिकायला गेलेली तरुण मुलं भारतीय सांकेतिक भाषेकडे वळू लागली आहेत.

दोन्ही ठिकाणी औषध, यंत्र, अनुदान यांतलं काही नव्हतं. फक्त भाषा दोन्ही बाजूंना येत होती. त्यामुळे ऐकू न येणं ही तिथे उंची किंवा रंगासारखी एक साधी बाब राहिली.

आता काय हातात आहे

मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे शिक्षक आणि दुभाषी तयार होतात. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांच्या खुणा व्हिडिओरूपाने आल्या. मोबाइलसाठी ‘साइन लर्न’ हे अॅप आहे, ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेला जागा दिली. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने ती देशभर प्रमाणित करण्याची भूमिका घेतली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत ती दहावीच्या पातळीवर भाषा विषय म्हणून घेता येते, ऐकणाऱ्या मुलांनाही. साधनांची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही.

अडचण आहे ती इच्छेची आणि वेळेची. म्हणून दोन मागण्या ठासून कराव्याशा वाटतात. पहिली रुग्णालयांकडे. मुलाला ऐकू येत नाही असं निदान होतं, त्या दिवशी पालकांच्या हातात यंत्रांची आणि शस्त्रक्रियेची माहिती दिली जाते. त्याच दिवशी त्यांची एखाद्या प्रौढ कर्णबधिर व्यक्तीशी गाठ घालून द्यावी. शिकलेली, नोकरी करणारी, संसार करणारी व्यक्ती समोर बसली की आपलं मूल मोठेपणी कसं असेल हे त्या आईबापांना दिसेल, आणि पहिल्या खुणा कुणाकडून शिकायच्या हेही तिथेच ठरेल.

दुसरी मागणी आपल्या प्रत्येकाकडे. नात्यात, सोसायटीत, कामावर एखादी कर्णबधिर व्यक्ती असेल, तर तिच्याशी बोलण्याचं सगळं ओझं आजवर तिनेच वाहिलं आहे. ती आपले ओठ वाचते, आपलं मराठी शिकते, आपल्याला न समजलेलं चार वेळा लिहून दाखवते. त्यातला निम्मा भार उचलणं आपल्याला शक्य आहे. तिलाच विचारून शिकायला सुरुवात करावी, चुकेल तिथे तिला सुधारू द्यावं. आणि घरात हसण्याची लाट उठली की ‘नंतर सांगते’ न म्हणता, तेव्हाच, तिच्या भाषेत, पूर्ण गोष्ट सांगावी.